खांद्याची फाटलेली कंडरा: शस्त्रक्रिया, वेदना, झोप आणि पाच महिन्यांनंतरचे प्रश्न

जास्वंदी

गेल्या श्रावणात पाखाडीवरच्या शेवाळावरून माझा पाय घसरला आणि तोल सावरताना अंगाचा सगळा भार उजव्या हातावर आला. चिपळुणात क्ष-किरण चित्र काढले, हाड शाबूत असल्याचे कळले आणि घरातले सगळे निर्धास्त झाले. हाड शाबूत म्हणजे खांदा शाबूत, ही समजूत किती चुकीची होती हे कळायला मला पुढचे अडीच महिने लागले. त्या काळात फळीवरचा डबा काढता येईना, वेणी घालता येईना आणि उजव्या कुशीवर वळले की झोपेतून जाग येई. नवल असे की मुलगी माझा हात धरून वर नेई तेव्हा तो पुरता वर जाई; मी स्वतः उचलू पाहिला की खांद्याच्या उंचीच्या अलीकडेच अडे. पुण्यातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी नेमकी हीच गोष्ट सर्वांत आधी तपासली. खांदा आखडलेला असेल, म्हणजे ज्याला सर्वजण फ्रोझन शोल्डर म्हणतात तो असेल, तर दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नाही. माझा जात होता. याचा अर्थ सांधा मोकळा होता आणि हात उचलणारी दोरी तुटलेली होती. एमआरआयमध्ये फाट सुमारे अडीच सेंटीमीटरची निघाली.

दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या उथळ खोबणीत धरून ठेवण्याचे काम चार स्नायू करतात. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, त्या माथ्याभोवती सदऱ्याच्या कफसारख्या लपेटलेल्या असतात, म्हणून त्यांना एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात. त्यांतली वरची, सुप्रास्पायनेटस या स्नायूची कंडरा सर्वांत जास्त वेळा फाटते आणि माझीही तीच फाटली होती. ३१ वर्षे डोक्याच्या वर हात नेऊन फळ्यावर लिहिल्यामुळे ती आधीच विरली असेल का, असे मी विचारले. वयानुसार ती झिजतेच, साठीनंतर कित्येकांची कंडरा काहीही न दुखता फाटलेली असते आणि पडण्याने उरलेले काम पूर्ण केले, असे उत्तर मिळाले. फळा निर्दोष सुटला की नाही, ते मला अजून कळलेले नाही.

शस्त्रक्रिया नोव्हेंबरच्या मध्यास दुर्बिणीतून झाली. पूर्ण भूल होतीच, शिवाय मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हाताच्या नसा बधिर केल्या होत्या. चार छोटी छिद्रे, हाडात खिळ्यासारखे बसवलेले दोन अँकर आणि त्यांना जोडलेल्या धाग्यांनी कंडरा पुन्हा हाडाशी ओढून बांधलेली, असे नंतर मला चित्र काढून दाखवण्यात आले. शुद्धीवर आले तेव्हा हात दिसत होता, परंतु तो दुसऱ्या कोणाचा तरी माझ्या पोटावर आणून ठेवल्यासारखा वाटत होता. वेदना शून्य. आणि इथेच माझी पहिली चूक झाली. रात्री दहा वाजता परिचारिकेने गोळी दिली, ती मी दुखत नसताना कशाला घ्यायची म्हणून उशीखाली ठेवली. पहाटे तीनच्या सुमारास अंगठ्याला मुंग्या आल्या आणि त्यानंतर अर्ध्या तासात जे दुखू लागले, त्याची तुलना मी दोन बाळंतपणांशी करूनही ठरवू शकलेले नाही. मग ती गोळी घेतली, शिरेतून आणखी औषध दिले गेले, तरी कळ आटोक्यात यायला सकाळचे नऊ वाजले. वेदना पेटल्यानंतर औषध तिच्यामागे धावत राहते, हे परिचारिका मला आदल्या रात्री सांगतच होती.

दुसऱ्या दिवशी पट्टी गुलाबी पाण्याने भिजली आणि मुलगी घाबरली. ते रक्त नव्हते. शस्त्रक्रियेच्या वेळी सांध्यात सतत सोडलेले सलाईन छिद्रांतून पाझरत होते. खांदाही त्याच पाण्याने टम्म फुगला होता आणि एक-दोन दिवसांत ओसरला. टाके बाराव्या दिवशी निघाले.

खरा छळ झोपेचा होता. आडवे झाले की खांदा ठणकत असे, म्हणून पहिले साडेचार आठवडे मी सासऱ्यांच्या जुन्या आरामखुर्चीत झोपले. पुढे पलंगावर झोपू लागले तेव्हा फिजिओथेरपिस्टनी एक साधी खूण सांगितली: उताणे झोपल्यावर स्वतःचे कोपर दिसले पाहिजे. कोपर दिसत नसेल तर ते पाठीच्या रेषेखाली गेलेले असते आणि टाक्यांवर ताण येतो; मग कोपराखाली घडी घातलेली चादर सरकवायची. कापडात गुंडाळलेला बर्फ दर वेळी पंधरा मिनिटे, दिवसातून चार वेळा, याने गोळ्यांइतकाच आराम पडला. गोळ्यांनी पोट गच्च झाले, त्यावर इसबगोल रोज रात्री घ्यावे लागले, आणि तेही तिसऱ्या दिवसापासून घेण्याऐवजी पहिल्यापासून घ्यायला हवे होते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा धागा काढला. तिसऱ्या आठवड्याअखेर माझे दुखणे जवळजवळ थांबले आणि मी बरी झाले असे मला मनापासून वाटू लागले. पाचव्या आठवड्यात दूध उतू जाऊ लागले, स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवून ठेवणारी झोळी, काढून ठेवलेली होती आणि मी नकळत उजवा हात लांबवून गॅसचे बटण फिरवले. खांद्यात चटका बसला. सोनोग्राफीत टाके शाबूत निघाले, हे नशीब. पण डॉक्टरांनी मला ज्या शब्दांत समजावले ते मी माझ्या नापास विद्यार्थ्यांनाही कधी ऐकवले नसतील. कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, ती हाडाला पहिल्या सहा आठवड्यांत जेमतेम चिकटते आणि भार सोसण्याइतकी घट्ट व्हायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो. दुखणे त्याच्या कितीतरी आधी निघून जाते. पहिल्या आठवड्यात दुखण्यानेच मला सांभाळले होते. पाचव्या आठवड्यात सांभाळायला कोणी नव्हते.

आज पाच महिने झाले. हात समोरून डोक्याच्या वर जातो, परंतु पाठीमागे नेला तर कमरेच्या खाली अडतो. गेल्या पंधरवड्यापासून रात्री पुन्हा थोडे ठणकते. हे अपेक्षित आहे का? गावातले एक गृहस्थ मालिश करून हात सोडवून देतो म्हणतात, त्यांच्याकडे जावे का?

निद्राधर

जास्वंदीताई, मी भूलतज्ज्ञ आहे आणि आपण उशीखाली ठेवलेली ती गोळी मी दर महिन्याला कोणाच्या तरी उशीखाली पाहतो. मानेतल्या त्या इंजेक्शनचा परिणाम साधारणपणे १२ ते २४ तास राहतो, म्हणजे सकाळी शस्त्रक्रिया झाली तर तो ओसरण्याची वेळ नेमकी मध्यरात्रीनंतरची येते, जेव्हा रुग्ण, नातेवाईक आणि वॉर्ड सगळेच पेंगुळलेले असतात. म्हणून पहिली गोळी हात बधिर असतानाच घ्यावी आणि पुढचे दोन-तीन दिवस दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे घ्यावी.

याच इंजेक्शनमुळे त्या बाजूची पापणी थोडी मिटलेली राहणे, आवाज घोगरा होणे आणि श्वास पुरता भरत नसल्यासारखे वाटणे, हे सर्व काही तास होऊ शकते. श्वासपटलाकडे जाणारी नस हाताच्या नसांच्या अगदी शेजारून जाते आणि तीही तात्पुरती बधिर होते. निरोगी माणसाला हे सोसते. ज्यांना दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार आहे त्यांनी मात्र तो भूलतज्ज्ञाला आधी आवर्जून सांगावा, म्हणजे वेगळ्या ठिकाणी इंजेक्शन देण्याचा विचार करता येतो. हात बधिर असेपर्यंत त्यावर बर्फ ठेवताना कोणीतरी लक्ष ठेवावे आणि गरम पाण्याची पिशवी तर मुळीच ठेवू नये. भाजले तरी कळत नाही.

गोळ्यांबाबत एकच काळजी घ्यावी. आपल्याकडे वेदनाशामक बहुतेक वेळा जोडगोळीच्या रूपात मिळतात: अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल, ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल. चिठ्ठीवर या दोन्ही असतील, त्यात ताप आला म्हणून घरातली ६५० मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर पॅरासिटामॉल तीन वाटांनी पोटात जाते. प्रौढ व्यक्तीसाठी त्याची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे आणि वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. मूत्रपिंडाचा विकार, पोटातला व्रण किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास अ‍ॅसिक्लोफिनॅकच्या जातीची औषधे शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नयेत. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे, त्यामुळे औषधविक्रेत्याने चिठ्ठीशिवाय ते नाकारले तर त्याच्याशी वाद घालू नये. तो बरोबर वागतो आहे. नैराश्यावरची औषधे चालू असतील तर ट्रामाडॉल लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगणे अत्यावश्यक आहे.

कोयनाकाठ

धागा अगदी वेळेवर आला. माझे वय ५७, मुक्काम कराड, आणि पुढच्या महिन्यात माझ्या डाव्या खांद्याची हीच शस्त्रक्रिया ठरली आहे. मला १४ वर्षांपासून मधुमेह आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर ९.१ आल्यामुळे तारीख एकदा पुढे ढकलली गेली, तेव्हा मला राग आला होता. साखर चढी असताना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि कंडराही नीट भरून येत नाही, असे सांगण्यात आले. मी धूम्रपान सोडावे असाही आग्रह झाला. ते अधिक कठीण चालले आहे.

दोन शंका आहेत. जानेवारीत मी याच खांद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले होते, ते सांगणे गरजेचे आहे का? आणि एकट्या माणसाने एका हाताने सहा आठवडे कसे काढायचे? पत्नी नोकरी करते, दिवसभर घरात मी एकटा असेन.

निद्राधर

कोयनाकाठ, अवश्य सांगा, तारखेसह. अशा इंजेक्शननंतर लगेच शस्त्रक्रिया केल्यास जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, म्हणून मध्ये काही आठवडे ते काही महिने जाऊ देतात. आणखी एक गोष्ट: नसा बधिर करण्याच्या औषधात परिणाम लांबवण्यासाठी कधीकधी डेक्सामेथासोन मिसळतात किंवा ते शिरेतून देतात. तेही स्टिरॉइडच आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस साखर वाढलेली दिसली तर घाबरून जाऊ नका, परंतु तपासत मात्र राहा.

सुईदोरा

एका हाताच्या दिवसांबद्दल मी लिहू शकते, कारण मी शिवणकाम करते आणि माझ्या आईची हीच शस्त्रक्रिया झाली तेव्हा सगळे कपडे मीच बदलून दिले होते. डोक्यावरून घालायचे काहीही दीड-दोन महिने चालत नाही. पुढून पूर्ण उघडणारे, दोन मापे मोठे शर्ट किंवा गाऊन शिवून घ्यावेत आणि बटणांऐवजी वेल्क्रो लावावे. परकराची नाडी एका हाताने बांधता येत नाही, तेथे इलॅस्टिक घालावे. कपडा घालताना दुखरा हात बाहीत आधी आणि काढताना शेवटी, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

उन्हाळ्यात स्लिंगमध्ये काखेत घाम साचून कातडी सोलवटते. आई टेबलाला डावा हात टेकून पुढे वाकायची, दुखरा हात आपोआप लोंबता व्हायचा आणि मग मी ओल्या फडक्याने काख पुसून कोरडी करून सुती कापडाची घडी ठेवायची. उजव्या हाताची शस्त्रक्रिया असेल तर डाव्या हाताने जेवण्याची आणि शौचानंतर धुण्याची सवय आठ दिवस आधीपासून करावी. आईला डाव्या हाताने जेवणे शेवटपर्यंत जड गेले, दुखण्यापेक्षाही. ती चमचा घ्यायची आणि कोणी आले की ताट बाजूला सारायची.

चौथा_अंपायर

मला एक कळत नाही. २३ मार्च २०२१ रोजी गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना श्रेयस अय्यरचा डावा खांदा निखळला, एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये तो आयपीएलच्या उरलेल्या सामन्यांत खेळला. म्हणजे पाच महिन्यांच्या आसपास. ताईंना पाच महिन्यांत पाठीमागे हातही नेता येत नाही, याचा अर्थ कुठेतरी व्यायामात कसूर होते आहे, असे नव्हे का?

खांदेपालट

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हा प्रश्न मला दवाखान्यात इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर भिंतीवर लावावे असे वाटते. खांदा निखळणे आणि कंडरा फाटणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. तरुण खेळाडूचा खांदा निखळतो तेव्हा बहुधा खोबणीच्या कडेची कूर्चा, म्हणजे लवचिक कड, आणि हाडांना एकमेकांशी बांधणारे अस्थिबंध सुटतात. ते पुन्हा हाडाला जोडले जातात आणि पंचविशीतल्या निरोगी पेशी ते काम झपाट्याने करतात. साठीतली झिजलेली कंडरा हाडाला जोडणे म्हणजे जुन्या लुगड्याला टाका घालणे. टाका कितीही उत्तम असला तरी ओढ बसली की कापडच टरकते. शिवाय त्या खेळाडूचा पूर्ण दिवस व्यायामात जातो आणि दूध उतू जाऊ लागले तर त्याला गॅस बंद करावा लागत नाही.

जास्वंदीताई, हात पाठीमागे नेणे ही बहुतेकांची सर्वांत शेवटी परत येणारी हालचाल असते. त्या हालचालीत शिवलेली कंडरा ताणली जाते, म्हणूनच पहिले तीन महिने आम्ही ती करूच देत नाही, आणि मग ती मागे राहिली म्हणून रुग्ण काळजी करतात. आखडलेपणा वर्षभर हळूहळू सुटत राहतो. आता तिकडे लक्ष द्यायला हरकत नाही: पाठीमागे टॉवेल आडवा धरून चांगल्या हाताने हळू ओढ द्यायची, वीस-तीस सेकंद थांबायचे, कळ येण्याआधी सोडायचे. रात्रीच्या ठणक्याबद्दल मला आधी एक विचारायचे आहे. पंधरा दिवसांपूर्वी आपण व्यायामात काही बदल केला का? रबरी पट्ट्याचा रंग बदलला, वजन धरले, घरकाम वाढले?

मालिशवाल्यांकडे जाऊ नका, असे मी स्पष्ट लिहितो. मान आणि पाठीचे स्नायू हलक्या हाताने चोळून घेतल्यास बरे वाटेल, त्याला माझा विरोध नाही. परंतु हात सोडवून देणे याचा अर्थ झटका देऊन ओढणे असा असतो आणि एका झटक्यात पाच महिन्यांची मेहनत हाडापासून सुटू शकते.

कोयनाकाठ, आपल्यासाठी लोलकाचा व्यायाम आधीच समजून घ्या, कारण तो दहापैकी सात जण उलटा करतात, निदान माझ्याकडे येणारे तरी. चांगला हात टेबलावर टेकून कमरेत वाकायचे आणि दुखरा हात मेलेल्या सापासारखा लोंबू द्यायचा. हलवायचे आहे ते कंबरेतून स्वतःचे अंग. हात त्याबरोबर आपोआप झुलतो. हात ठरवून गोल फिरवला की तेच स्नायू कामाला लागतात ज्यांना विश्रांती द्यायची आहे. मूठ, मनगट आणि कोपर मात्र पहिल्या दिवसापासून दर तासाला हलवा, नाहीतर बोटे सुजतात आणि कोपर वेगळेच आखडते.

लीड्सकर

इंग्लंडमधून एक वेगळी बाजू मांडतो. माझी कंडरा अर्धवट फाटली होती, पडल्यामुळे नव्हे तर हळूहळू. येथे मला आधी तीन महिने केवळ व्यायाम दिला गेला. मी चिडलो, परंतु चौथ्या महिन्यात दुखणे इतके उतरले की शस्त्रक्रियेचा विषय मागे पडला. खांद्याच्या टोकाखालचे हाड तासून जागा मोकळी करण्याची एक शस्त्रक्रिया पूर्वी सर्रास होत असे. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर तिची चाचणी झाली, तीत एका गटाचे हाड तासले आणि दुसऱ्या गटात दुर्बीण घालून, काही न तासता, बाहेर काढली. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. म्हणून ज्यांना पूर्ण फाट नाही, नुसते दुखते आहे, त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी व्यायामाला प्रामाणिक संधी द्यावी.

खांदेपालट

लीड्सकर, सहमत आहे, पण वाचणाऱ्यांनी यातला फरक ध्यानात घ्यावा. पडल्यानंतर अचानक हात उचलता येईनासा झाला आणि फाट पूर्ण असली, तर फार थांबणे महागात पडते. सुटलेली कंडरा आत ओढली जाते, स्नायू सुकत जातो, त्यात चरबी भरते, आणि मग शिवायला ओढून आणावे असे काही उरत नाही. अशा उशिराच्या वयस्कर रुग्णांसाठी गोलाची आणि खोबणीची जागा उलट करणारे कृत्रिम सांधे असतात, फ्रान्समधल्या ग्रामों यांनी ते १९८५ च्या सुमारास घडवले. पण तेथवर वेळ येऊ न देणे चांगले.

जास्वंदी

सर्वांची आभारी आहे. खांदेपालट, आपण विचारल्यावर दिनदर्शिका काढून पाहिली. पंधरवड्यापूर्वी मी व्यायामाच्या पिवळ्या पट्ट्यावरून लाल, म्हणजे अधिक ताठ पट्ट्यावर गेले आणि त्याच आठवड्यात पापडाचे पीठ कुटले. दोन्ही एकदम केले, हे लिहितानाच उत्तर मिळाले. पुन्हा पिवळा पट्टा घेतला आहे आणि चार रात्रींपैकी तीन रात्री सलग झोप लागली. तरीही पुढच्या मंगळवारी पुण्याला दाखवून येणार आहे. मालिशवाल्या गृहस्थांना नमस्कार सांगून पाठवले.

चौथा_अंपायर, व्यायामात कसूर नाही, उत्साहात आहे.

कोयनाकाठ, विम्याचे पैसे मिळवायचे असतील तर अँकरच्या वेष्टनावरचे स्टिकर बिलाला लावून घ्या. आमचा दावा त्या दोन चिकटपट्ट्यांसाठी तीन आठवडे अडकला होता. आणि ती आरामखुर्ची आता ओसरीवर नुसती पडून आहे. सागवानी आहे, हात रुंद आहेत, दुखऱ्या कोपराखाली उशी नीट बसते. आपल्यापैकी कोणी कुंभार्ली घाट उतरून इकडे येणार असेल तर टेम्पोत घालून न्या, फक्त आधी कळवा. कापड उसवले आहे, ते शिवून ठेवते. डाव्या हाताने.